पायाला जमीन कळत नाही: मधुमेहातली न्यूरोपथी, तोल आणि फिजिओथेरपी

निवांत_नाशिककर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ६८, साखर बरीच वर्षं आहे, गोळ्यांवर आहेत, इन्सुलिन नाही. आधी तळपायाला मुंग्या यायच्या, मग हळूहळू बधिरपणा आला. आता म्हणतात, गादीवरून चालल्यासारखं वाटतं. घरात चालताना स्लीपर पायातून निसटते आणि ते तसेच पुढे जातात. मागे राहिलेली स्लीपर आईला दिसते, त्यांना कळलेलंही नसतं. परवा बेसिनसमोर तोंड धुताना झोकांडी गेली, नळ हाताशी होता म्हणून बचावले.

डॉक्टरांनी न्यूरोपथी (म्हणजे साखरेने नसा खराब होणं) सांगितली, नसांच्या आगीसाठी प्रीगॅबालिन सुरू केली आणि "रोज चाला, फिजिओकडे जा" म्हणाले. चालायला बाबा एका पायावर तयार आहेत, सोमेश्वरपर्यंत रोज फेरी असते. फिजिओचं नाव काढलं की मात्र विषय संपतो. त्यांचं म्हणणं, नस मेली ती मेली, हातपाय हलवून ती जिवंत होणार आहे का? यावर मला उत्तर देता येत नाही. एका ठिकाणी चौकशी केली तर तपासायच्या आधीच मशीनच्या सिटिंगचं पॅकेज सांगितलं. तिथून मी मुकाट्याने परत आलो.

फिजिओने खरंच काही होतं का? आणि रोज चालतातच, तर वेगळा व्यायाम कशाला? जाणकारांनी सांगावं.

कल्याण_जलद

आधी बी१२ तपासून घ्या. साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होतं, त्यात शाकाहारी असाल तर आणखी. त्यानेही पाय बधिर होतात आणि तोल जातो. आमच्याकडे सगळं खापर साखरेवर फुटत होतं, रिपोर्ट आल्यावर कळलं की दोन्ही आहे.

जुनं_खोड

नाशिककर, तुमच्या बाबांचा पक्ष मी मांडतो, कारण मी त्याच बोटीत आहे. वय ७३, मुक्काम कोल्हापूर.

तोंड धुताना झोकांडी का गेली सांगू? साबण लावला की डोळे मिटतात. डोळे उघडे असतात तोवर आम्ही बघून उभे असतो, पायांच्या जिवावर नसतो. लाइट गेली, देवळात आरतीला डोळे मिटले, शर्ट डोक्यावरून काढायला गेलो, की आम्ही गेलोच. मी आता पोट बेसिनला टेकवून तोंड धुतो आणि शर्ट खुर्चीत बसून काढतो. बनियनचंही तेच.

फिजिओला मीही नाही म्हणत होतो. सून चिवट निघाली.

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. वरचा प्रतिसाद वाचून वाटलं, जुनं_खोड यांनाच आमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला बोलवावं. त्यांनी जे सांगितलं त्याची तपासणी आम्ही रोज करतो. पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचे. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर झोल, म्हणजे पायांकडून खबर येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या रॉम्बर्ग या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. घरी करून बघू नका. आम्ही ती करतो तेव्हा दोन्ही बाजूंना हात धरून उभे असतो.

तोल तीन ठिकाणांहून आलेल्या माहितीवर सांभाळला जातो: डोळे, कानाचा आतला भाग आणि पाय-घोटे. मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि बधिरपणा वर सरकत जातो. वेदना, गरम-गार कळणं हे बारीक नसांचं काम. घोटा किती वाकलाय, भार टाचेवर आहे की चवड्यावर, हे कळवणाऱ्या नसा जाड असतात. तोल जातो तो या जाड नसांमुळे. त्यामुळे "पाय दुखत नाहीत, मग ठीक आहे" हा हिशेब चुकतो. अजिबात न दुखणारे पाय असलेले लोकही दणकन पडतात.

बाबांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. व्यायामाने गेलेली संवेदना परत येईल असं मी कुणालाही सांगत नाही. पण पडणं फक्त संवेदनेवर ठरत नाही. घोट्याची ताकद, घोटा वर किती वळतो, पाय अडखळल्यावर दुसरं पाऊल किती पटकन पडतं, यावर बरंच ठरतं, आणि हे सगळं सत्तरीतही सुधारतं. उरलेली माहिती वापरायला मेंदू शिकतो. सराव सोडला की विसरतोही, म्हणून हे काही महिन्यांचं कोर्स-बिर्स प्रकरण नाही.

आता "रोज चालतातच" याबद्दल. न्यूरोपथीत माणूस सावध चाल धरतो: पावलं आखूड, पायांत अंतर जास्त, वेग कमी, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ जास्त. सपाट, ओळखीच्या रस्त्यावर ही चाल निभावते. रोज सोमेश्वरला जाऊन त्यांना तेवढाच सराव होतो. अचानक कुत्रं आडवं आलं, मागून हाक आली, उंबरठा आला, की वेगळं काही करावं लागतं आणि त्याचा सराव नसतो. चालणं साखरेला, हृदयाला उत्तम, ते बंद करू नका. तोलाचा सराव मात्र वेगळा करावा लागतो.

पहिल्या भेटीत चांगला फिजिओ काय करतो तेही लिहितो, म्हणजे पॅकेजवाला कोण ते ओळखता येईल. मोजे काढून पाय बघतो, बोटांच्या बेचक्यांसकट. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवतो आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतो. झोपवून आणि मग उभं करून बीपी घेतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरत असेल तर चक्कर तिथून येते, पायातून नाही, आणि ते आधी डॉक्टरांना कळवायला हवं. मग खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून परत येऊन बसायला सांगतो आणि घड्याळ लावतो. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. यातलं काहीच न करता थेट मशीन लावलं, तर उठून यावं.

आणि हो, प्रीगॅबालिनने झोप आणि चक्कर येऊ शकते. तोंड धुतानाची झोकांडी गोळी सुरू झाल्यावरची आहे का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका.

शंकासूर

प्रतिसाद छान, पण मी माझ्या आयडीला जागणार. आमच्याकडे फिजिओ म्हणजे शेक, करंट आणि शेवटी "घरी हे चार व्यायाम करा" असा छापील कागद. तोलाच्या व्यायामाने मधुमेही लोक खरोखर कमी पडतात, असं कुणी मोजून दाखवलंय का? की "बरं वाटतं" एवढ्यावरच चाललंय?

पायवाट

प्रश्न रास्त आहे. मोजून बघितलंय, आणि उत्तर सरळ नाही.

जिनिव्हात न्यूरोपथीच्या ७१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, तोल आणि चालीचे व्यायाम दिले. बाकीच्यांना काही विशेष नाही. व्यायाम केलेल्यांचा चालण्याचा वेग वाढला, तोल सुधारला, पडण्याची भीती कमी झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिसुरीमधल्या संशोधकांचा अभ्यास आला, ७९ लोक, वर्षभर. पायांची ताकद, तोल, टप्प्याटप्प्याने वाढवलेलं चालणं. तिथे पडण्याच्या संख्येत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यांचे व्यायाम बरेचसे घरच्या घरी होते आणि तोलाचा डोस हलका होता असं मला वाटतं, पण हे माझं मत.

मात्र त्याच मिसुरीच्या अभ्यासातून दुसरी एक मोठी गोष्ट निघाली. पाय बधिर असलेल्यांनी पायांवर भार देऊन व्यायाम करू नये, जखमा होतील, सायकल-पोहणं करावं, असा सल्ला आधी सर्रास असायचा. भार देऊन व्यायाम करणाऱ्या गटात जखमा वाढल्या नाहीत. त्यानंतर अमेरिकेच्या मधुमेह संघटनेनेही भूमिका बदलली: पायाला उघडी जखम नसेल तर मध्यम चालणं-व्यायाम चालेल. अजूनही कुणी "पाय बधिर आहेत ना, मग बसूनच करा" म्हणत असेल, तर तो सल्ला शिळा आहे.

सर्वसाधारण वयस्कांमध्ये पुरावा जास्त भक्कम आहे. सिडनीच्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र करून दाखवलं की तोलाला खरोखर आव्हान देणारा व्यायाम आठवड्याला ३ तासांहून जास्त झाला तर पडणं सर्वांत जास्त घटतं. कागदावरचे चार व्यायाम पाच मिनिटांत उरकले तर काही होत नाही, इथे शंकासूर बरोबर आहेत.

शेक: बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी, गरम पाण्यात पाय बुडवणं, शेकायचा दिवा, सगळं वर्ज्य. चटका कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड घेऊन माणूस येतो. अवरक्त किरणांची पॅडं नसांसाठी म्हणून विकली जातात. त्यांची तुलना खोट्या, बंद ठेवलेल्या पॅडांशी केली तेव्हा फरक सापडला नाही. करंटने काहींची आग थोडी शमते. तोलाशी त्याचा संबंध नाही.

चौकस_चकली

माझ्या सासूबाईंना काशाच्या थाळीच्या मसाजचं वेड लागलंय. आमच्या गल्लीतच सेंटर आहे. तेल लावून पाय थाळीवर ठेवायचे, थाळी फिरते आणि तळवे काळे होतात. "बघा, शरीरातली उष्णता आणि विष बाहेर आलं" म्हणतात. त्यांना साखर आहे, पाय बधिर आहेत. जाऊ देऊ का? झोप छान लागते म्हणतात.

आणि ते टोचणाऱ्या दाण्यांचे अॅक्युप्रेशरचे चपलेचे जोड? ते पण आणलेत.

शंकासूर

काळं होतं ते थाळीचा धातू तेलात घासला जातो म्हणून. पायाऐवजी बटाटा ठेवून बघा, त्याचंही विष बाहेर येईल.

पायवाट

:) झोप लागते त्यात वावगं काही नाही, पण बधिर पायाला घर्षण कळत नाही. कातडी सोलली तरी त्या हसत बसतील. भेग, जखम, फोड, बुरशी असेल तर मुळीच नाही. करायचंच तर घरी, सुनेने हाताने, हलक्या तेलाने, बोटांच्या मध्ये तेल न ठेवता. त्यात सुनेची पायावर रोज नजर फिरते, हा खरा फायदा. दाण्यांची चप्पल मात्र आजच माळ्यावर टाका. बधिर तळव्याला तेच तेच टोचलं की तिथे घट्टा, घट्ट्याखाली जखम, हा क्रम मी फार वेळा बघितलाय.

एक पाय अचानक सुजला, लाल झाला, हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखत नसला तरी मसाज नाही, व्यायाम नाही, चालणंही नाही. भार काढायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर. आतली हाडं खचत असू शकतात. शार्को पाय म्हणतात त्याला. मुरगळला असेल म्हणून लेप लावत बसलेल्या लोकांचे पाय कायमचे वाकडे होतात.

निवांत_नाशिककर

बापरे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. घरी करायचे व्यायाम लिहाल का? बाबांना वाचून दाखवतो. ते तुमचे प्रतिसाद ऐकतायत, मान्य करत नाहीत एवढंच.

पायवाट

लिहिते, पण तपासणी झाल्यावर सुरू करा, आणि पहिले काही वेळा कुणीतरी शेजारी हवं.

जागा: स्वयंपाकाचा ओटा. भिंतीपेक्षा बरा, कारण धरता येतो. मागे एक जड लाकडी खुर्ची. प्लास्टिकची नको, ती सरकते. बूट घालून, अनवाणी नाही आणि नुसते मोजे तर नाहीच. साखर तपासून. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन घ्यायचं. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी. व्यायामानंतर काही तासांनीही साखर उतरू शकते, म्हणून रात्री झोपताना भरभरून व्यायाम नको.

आधी बसून घोटे. चवडे वर-खाली, मग आत-बाहेर. मधुमेहात टाचेमागची शीर जाड आणि ताठ होते, घोटा वर वळत नाही, मग पाऊल टाकताना चवडा जमिनीला घासतो. म्हणून पोटरी ताणणं मी कधी वगळत नाही: ओट्याला हात, एक पाय मागे, मागची टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट. मग ओट्याला धरून टाचा उचलणे, मग उलट, टाचांवर उभं राहून चवडे उचलणे. दुसरं जास्त अवघड जातं आणि जास्त महत्त्वाचं आहे.

खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. सावकाश बसायचं, धपकन नाही. बसण्यातच मांड्या काम करतात. सुरुवातीला उशी ठेवून उंची वाढवा.

मग तोल. पाय जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका रेषेत, टाचेला अंगठा लावून. प्रत्येक वेळी १० सेकंदांचं लक्ष्य. जमलं की पुढची पायरी. एका पायावर उभं राहणं शेवटी. हाताचा आधार कमी करत न्यायचा: दोन हात, एक हात, एक बोट. एक बोट ही चेष्टा नाही. बोटाचं टोक नुसतं टेकवलं, भार न टाकता, तरी मेंदूला "शरीर कुठे आहे" ही माहिती मिळते आणि झोल कमी होतो, न्यूरोपथीच्या रुग्णांतही हे दिसलंय. बाजारात, लग्नात, अंधाऱ्या जिन्यात हे बोट फार कामाला येतं.

पुढे ओट्याला समांतर आडवं चालणं, उलटं चालणं, दोन खुर्च्यांभोवती आठचा आकडा, जमिनीवर ठेवलेल्या पुस्तकावरून पाऊल टाकणं. हे जमू लागलं की चालता चालता बोलायचं: शंभरातून तीन-तीन वजा करा, किंवा नाशिक ते मुंबई स्टेशनं सांगा. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं की बोलायला लागलं की जे वृद्ध चालायचे थांबतात, ते पुढे जास्त पडतात. तुम्हीही बाबांसोबत फिरताना बघा.

डोळे मिटून करायचे आणि मऊ गादीवर उभं राहायचे व्यायाम यूट्यूबवर भरपूर आहेत. ते एकट्याने नाही, घरी नाही, आमच्यासमोर.

प्रत्येक वेळी व्यायाम झाला की मोजे काढून तळपाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून.

दक्षिणगोलार्ध

न्यूझीलंडहून लिहितेय. इथे ओटागो विद्यापीठात नव्वदच्या दशकात तयार झालेला एक घरगुती व्यायामक्रम आहे, ओटागो प्रोग्राम नावानेच. पायवाट यांनी लिहिलेलं बरंचसं त्यात आहे: पायांची ताकद, तोल, आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय चालणं. फिजिओ किंवा नर्स घरी येऊन शिकवते, मध्ये मध्ये फोन करते आणि व्यायाम अवघड करत नेते. चाचण्यांमध्ये वृद्धांचं पडणं साधारण ३५ टक्क्यांनी घटलं. तो खास मधुमेहासाठी नाही, पण माझ्या सासऱ्यांना इथे आल्यावर तोच दिला. त्यात घोट्याला बांधायची वजनं असतात. बधिर पायाला चालतात का?

पायवाट

चालतात, पण जाड मोज्यावरून बांधा आणि पट्टा काढल्यावर वळ बघा. मी शक्यतो शरीराचंच वजन वापरते.

मडगांवकार

आमच्या गोव्याचं सांगतो. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले, आणि राज्यांत पहिला नंबर आमचा, २६.४ टक्के. घरटी एक तरी आहेच म्हणा. आणि जमीन कशी? पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, अंगण निसरडं, न्हाणीघर कायम ओलं. वडील न्हाणीतच पडले. आम्ही न्हाणीच्या दाराला आणि संडासात दांडे बसवले, दाराजवळ रबराची जाळीची चटई टाकली, रात्रीसाठी छोटा दिवा. टॉवेल टांगायची दांडी आधाराला धरू नये, ती भिंतीतून उपटून येते, हे आम्ही बघितलं.

चपलेचं काय करायचं? अंगठ्याची स्लीपर तर सगळ्यांच्याच पायात.

जुनं_खोड

कोल्हापूरकराने हे सांगायचं म्हणजे जिवावर येतं, पण कोल्हापुरी आमच्यासाठी नाही. कडक तळ, मागे पट्टा नाही, आणि धरून ठेवायला बोटं आखडावी लागतात. माझा जोड आता भिंतीवरच शोभतो.

मागे पट्टा असलेली एमसीआरची सँडल घ्या, किंवा पुढून रुंद बूट. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवा. माझ्या बुटात नातवाचा प्लास्टिकचा सैनिक होता, संध्याकाळपर्यंत त्याच्यावर उभा होतो.

पायवाट

एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. आपल्याकडे ते आधी कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वापरात आलं. त्यांचेही पाय असेच बधिर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं-पाय झडतात ते मांस कुजून नाही, वेदना कळत नसल्याने वारंवार होणाऱ्या इजेमुळे. मधुमेही पायाची आजची बरीच काळजी त्या कामावर उभी आहे, पण दुकानात "डायबेटिक चप्पल" म्हणून जास्त पैसे मोजताना हे कुणी सांगत नाही. एक सावधगिरी: तोलासाठी फार जाड, फार मऊ तळ वाईट. आत मऊ, खाली घट्ट आणि न घसरणारा, असा हवा.

शंकासूर

खर्चाचं कुणी बोलत नाहीये. दर भेटीला पैसे आणि रिक्षा. पेन्शनीत कसं बसवायचं?

कल्याण_जलद

सिव्हिल हॉस्पिटलात आणि मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत फिजिओ विभाग असतो, केसपेपरच्या पैशांत किंवा थोड्या जास्तीत काम होतं. रांग असते हे खरं. मुंबईत केईएम, सायन, नायर आहेत, हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. फिजिओच्या कॉलेजांच्या ओपीडीत विद्यार्थी वेळही जास्त देतात. आम्ही पंधरवड्यातून एकदा जायचो, व्यायाम बदलून घ्यायचो, बाकी घरी.

निवांत_नाशिककर

मधल्या काळातली बातमी. बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. प्रीगॅबालिन डॉक्टरांनी कमी करून फक्त रात्री ठेवली. आणि बाबा फिजिओकडे गेले! निमित्त जुनं_खोड काकांचं. "तो कोल्हापूरचा माणूस जातो तर..." असं काहीतरी पुटपुटत निघाले. मशीनवाल्याकडे नाही, एका बाई आहेत, त्यांनी पहिला अख्खा तास नुसता तपासण्यात घालवला.

खुर्चीतून उठून चालून येण्याची वेळ अजून बाराच्या आत आलेली नाही, पण कमी झाली आहे. मला दिसणारा फरक वळताना आहे. आधी भिंत धरून छोट्या छोट्या पावलांनी वळायचे. आता दोन-तीन पावलांत वळतात. पायाची आग, बधिरपणा तसाच आहे, हे बाबा मला रोज आठवणीने ऐकवतात. आई ओट्यावरचा हक्क गेला म्हणून वैतागली आहे. सकाळी तिथे चहा की व्यायाम यावर भांडण असतं.

दोन शंका. काठी घ्यायला ते तयार नाहीत, घ्यावी का? आणि चुकून पडले तर उठवायचं कसं? आईच्याने ते उचलले जाणार नाहीत.

पायवाट

काठी: खडबडीत रस्ता, गर्दी, अंधार असेल तिथे जरूर. न्यूरोपथीच्या लोकांचा तोल काठीने कमी वेळा जातो हे तपासलेलं आहे. भार टाकायला नाही, जमिनीची खबर घ्यायला. जास्त कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची, उंची मनगटाच्या घडीपर्यंत, कोपर किंचित वाकलेलं. खालचं रबर झिजलं की बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आणि काठी आधी. छत्रीची काठी करू नका.

उठणं: ओढून उठवायचं नाही, खांदा निखळतो आणि आईची कंबर जाते. आधी दोन मिनिटं पडून राहायचं. कंबरेत, मांडीत दुखतंय का, डोक्याला लागलंय का, साखर उतरलीय का ते बघायचं. ठीक असेल तर कुशीवर, मग कोपरावर, मग चार पायांवर. आईने फक्त खुर्ची आणून समोर ठेवायची. खुर्चीवर दोन्ही हात, जास्त ताकदीचा पाय पुढे रोवून उठायचं आणि वळून बसायचं. हे पडायच्या आधी, पलंगाशेजारी सतरंजीवर शिकून घ्यायचं. पडल्यावर शिकवता येत नाही. पूर्वी आपण जमिनीवर जेवायला बसायचो तेव्हा हा सराव रोज व्हायचा, डायनिंग टेबलाने तो बंद केला. पडताना पायाला लागलं असेल तर बधिर पायात फ्रॅक्चर दुखत नाही, म्हणून सूज बघा.

फोन टेबलावर नको, खिशात हवा.

चौकस_चकली

वाचनखूण साठवली. सासूबाईंची दाण्यांची चप्पल माळ्यावर गेली, थाळीचं मात्र अजून ठरत नाहीये.

निवांत_नाशिककर

शेवटची एक विचारणा. बाबांना वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जायचंय. वर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न बराचसा सुटतो. पण देवळात अनवाणी. तापलेली फरशी त्यांना कळणार नाही.

जुनं_खोड

आमच्याकडे महालक्ष्मीला मी सकाळी लवकर जातो, फरशी तापायच्या आत. गर्दीचा दिवस टाळायचा, मागून धक्का आला की आपण सावरत नाही. नवरात्र तर सोडाच. देवी आठवडाभराने तिथेच असते.

पायवाट

हेच सांगणार होते. मुलाचा दंड यांनी धरायचा, मुलाने यांचा नाही, म्हणजे सोडणं-धरणं त्यांच्या हातात राहतं. जाड सुती मोजे घाला, तळाला रबराचे ठिपके असलेले मिळतात, साधे मोजे फरशीवर सरकतात. फरशी किती तापलीय ते आधी तुम्ही स्वतःच्या हाताने बघा. रांगेत उभं राहावं लागलं तर टाचा-चवडे करत राहायचं, आणि बाहेर आल्यावर आधी तळपाय तपासायचे, मग प्रसाद. मोजे पांढरे घ्या, रक्त किंवा पाणी लागलं तर लगेच दिसतं.